चाचणीची किंमत किती?

निर्णयवृक्ष म्हणजे निर्णयाच्या सगळ्या वाटा आणि त्या प्रत्येक वाटेवर काय घडू शकते, हे कागदावर फांद्या काढून मांडण्याची रीत. निवड माणसाच्या हातात असेल तिथे चौकोन काढायचा. बाजाराच्या किंवा पावसाच्या हातात असेल तिथे वर्तुळ. जॉन मॅगी यांनी 1964 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तून ही रीत उद्योजकांपुढे मांडली. नवे उत्पादन बाजारात कसे उतरवावे, हा तिचा नेहमीचा उपयोग.

नाशिकच्या वाइन धंद्याला ती चपखल लागू पडते. वाइनची द्राक्षे वर्षातून एकदाच, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतात. हुकलेला हंगाम परत मिळत नाही. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, आणि त्यांच्या 'सुला' वायनरीची पहिली वाइन बाजारात आली ती 2000 मध्ये. गिऱ्हाइकाचा कौल कळेपर्यंत पैसा असा अडकून राहतो.

समजा, दिंडोरीच्या एका वायनरीला नवी वाइन काढायची आहे (पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल). सरळ राज्यभर विक्री सुरू केली आणि माल चालला, तर 5 कोटींचा नफा. पडला, तर 2 कोटींचा तोटा. चालण्याची शक्यता 40 टक्के. हिशेब टोकाच्या फांद्यांकडून बुंध्याकडे करायचा असतो. 5 कोटींचे 40 टक्के म्हणजे 2 कोटी. त्यातून 2 कोटींचे 60 टक्के, म्हणजे 1 कोटी 20 लाख वजा केले की सरासरी अपेक्षित नफा 80 लाख उरतो.

दुसरी फांदी अशी: आधी 20 लाख खर्चून नाशिकमध्येच, टेस्टिंग रूममध्ये आणि मोजक्या हॉटेलांत, वर्षभर चाचणी घ्यायची. चाचणीही चुकते, चांगल्या मालाला ती 80 टक्के वेळा चांगले म्हणते, पण वाईटालाही 20 टक्के वेळा चांगलेच म्हणते. अशा 100 वाइन डोळ्यांपुढे आणल्या, तर चालणाऱ्या 40 पैकी 32 आणि न चालणाऱ्या 60 पैकी 12 उत्तीर्ण होतील. त्या 44 राज्यभर न्यायच्या, बाकीच्या तिथेच थांबवायच्या. सरासरी 1 कोटी 36 लाख येते. चाचणीचा खर्च वजा जाता 1 कोटी 16 लाख. म्हणजे या चाचणीसाठी 56 लाखांपर्यंत मोजले तरी परवडते. वृक्ष काढण्याची खरी कमाई हा आकडा आहे. 'आधी थोडे चाचपून बघू' असे सगळेच म्हणतात. चाचपण्याला किती मोजावे, हे क्वचितच कोणी सांगते.

मात्र चाचणीत एक हंगाम जातो. तेवढ्यात दुसऱ्याने तसलीच वाइन आणली आणि यशाचा नफा 5 कोटींवरून साधारण 3 कोटी 87 लाखांच्या खाली घसरला, तर थेट विक्रीच सरस ठरते.

आणि ते 40 टक्के आले कुठून? वितरकांशी बोलून, मागच्या मालाचा खप पाहून केलेल्या अंदाजातून. म्हणून तो आकडा हलवून पाहावा लागतो. इथे शक्यता सुमारे 29 टक्क्यांच्या खाली गेली तरच थेट विक्रीची सरासरी तोट्यात जाते. अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तरी निभावते. परराज्यात जायचे तर तिथला उत्पादनशुल्क आणि लेबलची नोंदणी वेगळी, तेव्हा प्रत्येक राज्य ही स्वतंत्र फांदी होते.

अवकाळी पावसाचे वर्तुळ नाशिककरांना समजावून सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमार्क ॲबी वायनरीपुढचा 1976 चा पेच व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जातो: वादळ येऊ घातले आहे, तर द्राक्षे आताच खुडायची की ठेवायची? पावसाने माल पातळ होईल, किंवा विशिष्ट बुरशी धरून महागडी गोड वाइन मिळेल.

लहान उत्पादकाला सरासरी पुरत नाही. 2 कोटींचा फटका बसला तर पुढच्या हंगामाला तो उरणारच नाही. त्याने तिसरी फांदी काढावी: यंत्रसामग्रीत पैसा न घालता दुसऱ्याच्या वायनरीत वाइन करून घ्यायची. चालली तर नफा 3 कोटी, पडली तर तोटा 60 लाख असे धरले, तर सरासरी 84 लाख येते. थेट विक्रीच्या 80 लाखांच्या जवळपासच. पण बुडाले तर 60 लाख बुडतील, 2 कोटी नव्हेत.