छताचा गिलावा का सुटतो?

जेवायला बसावे आणि भातात कच लागावी, असे झाले की आपण प्रथम तांदूळ निवडणारीला बोल लावतो. गेल्या मार्गशीर्षात आंबीस एका ओळखीच्या घरी असेच झाले. सून बिचारी मुकाट्याने ऐकून घेत होती. सासूबाईंनी दुसरा घास उचलला, तोच ताटाशेजारी टपकन एक खपली पडली. सगळ्यांनी वर पाहिलं. कच तांदळातली नव्हती, छतातली होती.

आंबी हे मावळातले गाव. तळेगाव दाभाड्याहून इंद्रायणी ओलांडली की लागते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आंबीकडे येईतो त्याचा जोर पुष्कळ उतरतो. पण छताची परीक्षा पाहायला उरतो तेवढा पुरे. या घराच्या स्लॅबला पूर्वी कोणी हौसेने सिमेंट शिंपडून दाणेदार रूप दिले होते. दाण्यांत जाळी धरते, धूर बसतो, म्हणून मालकांनी त्यावर सपाट गिलावा करून घेतला. एक पावसाळा गेला आणि गिलाव्याला पोट सुटले.

मालक मला म्हणाले, “छत आधीच खरबरीत होतं. माल पक्का धरायला हवा होता की!”

पुष्कळांची समजूत अशीच असते, म्हणून जरा खोलात जाऊ. भिंतीचा गिलावा भिंतीला टेकून उभा असतो. छताचा गिलावा लोंबकळत असतो. त्याचे सारे वजन रात्रंदिवस त्याला खाली ओढते. हे वजन थोडे नव्हे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीच्या छताला एक सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा गिलावा केला, तर तो सुमारे १८५ किलो भरतो. म्हणजे सिमेंटची जवळजवळ पावणेचार पोती आपण डोक्यावर टांगून ठेवतो. त्याला धरून ठेवते ती फक्त वरच्या थराची पकड.

जाते गुळगुळीत झाले की दळण नीट पडत नाही, मग पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेतात. छतालाही टाकीच लागते. पण टाकी लागते दगडाच्या अंगात. दगडावर बसलेल्या पिठाच्या थरात नव्हे. आंबीच्या घरी हीच चूक झाली होती. दाण्यांवर वर्षानुवर्षांच्या चुन्याच्या सफेदीचे थर होते. नव्या गिलाव्याने सफेदीला घट्ट धरले, पण सफेदीने छताला धरले नव्हते. पडलेली खपली मी उलटी करून पाहिली. तिच्या पाठीवर चुन्याचा पांढरा पापुद्रा जसाच्या तसा होता. तुमच्याकडे खपली पडली तर फेकू नका, तिची पाठ पाहा. पाठीला पांढरे असेल तर सफेदी खरवडलेली नव्हती. पाठ गुळगुळीत आणि करडी असेल तर स्लॅबच्या साच्याला लावलेले तेल धुतले गेले नव्हते, किंवा टाकी लावलीच नव्हती. आणि पाठीवर तांबडा डाग असेल, तर मात्र काम थांबवा. त्याविषयी पुढे सांगतो.

ही विद्या नवी नाही. अजिंठ्याला गेला असाल तर चित्रांवरून नजर काढून, जिथे चित्र उडाले आहे तिथला उघडा दगड पाहा. भिंतीला आणि छतालाही छिन्नीचे घाव तसेच राखलेले दिसतील. त्या खडबडीत अंगावर मातीचा गिलावा चढवला, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू घातले, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्र काढले. तंतू कशासाठी? वाळताना माती आकसते, तडकते. तंतू तिला बांधून ठेवतात. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले आहे. अजिंठ्याचा मोठा काळ पाचव्या शतकातला. म्हणजे यातला काही गिलावा दीड हजार वर्षे छताला लोंबकळत आहे. पण दुरुस्तीत चूक तिथेही झाली. १९२० च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून दोन जाणकार बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा बसवला, हे फार मोठे काम. पण चित्रांवर लाखेचे रोगण दिले. ते पुढे पिवळे पडले आणि काढायला पुरातत्त्व खात्याला फार कष्ट पडले. दुरुस्ती करताना नंतर येणाऱ्याचे काम वाढवू नये, एवढे मी तरी त्यातून घेतो.

आता आपल्या छताकडे वळू.

आधी कारण शोधा. वरून पाणी मुरत असेल तर खालून कितीही गिलावा करा, तो पडणारच. गच्चीचा उतार, पन्हळ, भेगा पावसाळ्याआधी नीट करा. तांबडे डाग असतील, किंवा सरळ रेषेत चिरा असतील, तर आतली सळई गंजत आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशा छताला गिलावा करणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. तिथे मिस्त्री नको, इंजिनियर बोलवा. शाळेची खोली असेल तर त्याच दिवशी मुले दुसऱ्या खोलीत बसवा. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, परवानगीचा कागद यायला वेळ लागतो. खपली पडायला लागत नाही.

मग लाकडी दांड्याने छत ठोकत जा. टणक आवाज आला की पकड आहे. बद्द, पोकळ आवाज आला की तिथे कोळशाने वर्तुळ करा. वर्तुळाच्या आतले सारे काढायचे, दया करायची नाही. सफेदी आणि रंग ओले करून खरवडा, म्हणजे धूळ छातीत जात नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने पंधरावीस मिनिटे धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा. एक धोक्याची गोष्ट: छत सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे असेल तर ते खरवडूच नका, त्यात ॲस्बेस्टॉस असते. अमेरिकेतही जुन्या घरांच्या दाणेदार छतांत ते असे. तसा फवारा १९७८ साली तिथे बंद झाला.

दाण्यांचे काय करायचे? सैल दाणे झाडून पडतील. टणक दाणे राहू द्यावेत, पण उंच टोके छिन्नीने उतरवावीत. छताचा गिलावा साधारण सहा मिलिमीटर जाड असतो. त्यात पाच मिलिमीटरचा दाणा उभा राहिला तर त्याच्यावर माल उरतो एक मिलिमीटर. तो आधी वाळतो आणि नेमका तिथेच तडकतो. खड्ड्याची गोष्ट उलट. खोल खड्डा आणि सपाट भाग एकाच हाताने भरला तर खड्ड्यातला जाड माल जास्त आकसतो आणि वर बशी पडते. म्हणून खड्डे आदल्या दिवशी भरा, त्यांचे अंग ओरखडून ठेवा, दुसऱ्या दिवशी सगळीकडे एक हात द्या. स्लॅबच बाकदार असेल तर माल थापून तो सरळ करण्याचा हट्ट मिस्त्रीला धरू देऊ नका. डोळ्याला थोडा बाक खपतो. डोक्यावरचे वजन खपत नाही.

माल एक भाग सिमेंट, तीन ते चार भाग चाळलेली वाळू. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. घट्ट झालेला माल पाणी घालून पुन्हा मऊ करण्याची सवय आपल्याकडे फार आहे; माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एका मिस्त्रीने मी जेवायला गेलो तेवढ्यात तेच केले, आणि तो कोपरा मी दोनदा करून घेतला. छत आदल्या दिवशी भिजवावे, पण काम करताना पाणी ठिबकत नसावे. कोरडे छत मालातले पाणी पिऊन टाकते, फार ओल्या छतावरून माल घसरतो. त्यावर सिमेंटची पातळ पेज ब्रशाने लावून ती ओली आहे तोवर माल चढवावा. पेज वाळली तर ती पकड देत नाही, उलट आड येते.

रंधा फिरवताना सिमेंटची पूड शिंपडून चकाकी आणतात. ती दोन दिवस छान दिसते, मग केसासारख्या चिरा पडतात. चुन्याच्या गिलाव्यात आणखी एक खोड असते: नीट न विरलेला चुन्याचा खडा आत राहिला की तो ओल घेऊन फुगतो, आणि महिन्यांनी तिथून वाटाण्याएवढी टिकली उडते. चुना पुरता विरवून, गाळूनच वापरावा.

गिलावा झाल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. छतावर पाणी टिकत नाही, म्हणून थोडे थोडे आणि वारंवार. मावळात या कामाला कार्तिक ते माघ हे दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात वारा ओल ओढून घेतो.

तरी एखादी पोकळ जागा राहिली तर ती चौकोनी कापा, आणि कडा अशा तिरप्या कोरा की तोंडापेक्षा आतली बाजू रुंद होईल. मग भरलेला माल पाचरीसारखा अडकून बसतो. कडेला कागदासारखा पातळ पसरवलेला माल पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

आंबीच्या घरी आम्ही शेवटी दिवेलागणीला छत पाहिले. कंदील भिंतीच्या वरच्या कडेला धरला की उजेड छतावरून तिरपा जातो आणि दिवसा न दिसणारा उंचवटा लांब सावली टाकतो. तीन जागी सावल्या निघाल्या. सुनेने स्टुलावर चढून त्यांच्यावर कोळशाच्या खुणा केल्या आणि मिस्त्रीला सकाळी सातला यायला सांगितले.