एक किलो थर्माकोल, 28 लाख अळ्या

साठवणीच्या पिठात होणाऱ्या एका काळ्या भुंगेऱ्याची अळी, म्हणजे मीलवर्म, थर्माकोल खाते. बीजिंगचे जून यांग आणि स्टॅनफर्डचे वेई-मिन वू यांच्या गटानं 2015 साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. 100 अळ्या दिवसाला 34 ते 39 मिलिग्रॅम थर्माकोल फस्त करतात. प्लास्टिकवर उतारा सापडला म्हणण्याआधी थोडं त्रैराशिक मांडू.

एका अळीच्या वाट्याला दिवसाला जेमतेम 0.36 मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो थर्माकोल दिवसात संपवायला 28 लाख अळ्या हव्यात. अळी 100 मिलिग्रॅमची धरली, तर किलोभर कचऱ्यामागे 280 किलोंची फौज! ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हिशेबानं 2019 मध्ये जगात 35.3 कोटी टन प्लास्टिक कचरा झाला. रोजचा सुमारे 9.7 लाख टन. अळी हरतऱ्हेचं प्लास्टिक याच वेगानं खाईल असं उदार मनानं मानलं, तरी लागणाऱ्या अळ्या 27 वर 14 शून्यं इतक्या. त्यांचं वजन 27 कोटी टन. माणशी 50 किलो धरले, तर जगातली 800 कोटी माणसं भरतात 40 कोटी टन.

तेव्हा अळ्या पाळून भागणार नाही. पण त्यांच्या पोटातले आकडे पाहा. थर्माकोल आतड्यात 24 तासही राहत नाही. तरीही 16 दिवसांच्या चाचणीत, खाल्लेल्या थर्माकोलमधल्या 47.7 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला; जवळपास तेवढाच विष्ठेतून बाहेर पडला. हे काम जिवाणूंचं. अळ्यांना दहा दिवस जेंटामायसिन हे प्रतिजैविक खाऊ घातलं, तेव्हा आतड्यातले जिवाणू निष्प्रभ झाले आणि थर्माकोलचं विघटन थांबलं.

त्याच आतड्यातला एक्सिग्वोबॅक्टेरियम वायटी2 हा जिवाणू वेगळा काढून प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीनवर, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो त्या प्लास्टिकवर, सोडला. 60 दिवसांत त्यानं संपवलं 7.4 टक्के. या चालीनं 47.7 टक्के गाठायला 387 दिवस लागतील. दोन्ही मोजमापं तंतोतंत एका जातीची नाहीत, तरी दिवस आणि वर्ष यांतली दरी डोळ्यांत भरते.

एकटा जिवाणू मागे पडतो, कारण आतड्यात तो एकटा नसतो. जबडा थर्माकोलचा चुरा करतो, पाचकरस त्यात मिसळतात, इतर जिवाणू सोबतीला असतात. उद्याच्या कारखान्याला नक्कल करायची असेल, तर ती या अख्ख्या आतड्याची करावी लागेल.