किरकोळ धक्का आणि कोर्टाचे समन्स

आपल्या बाजारात एक समज पक्का बसला आहे. टेम्पोचा कुणाला धक्का लागला, माणूस कपडे झटकून उठला, चालकाने पाचशे रुपये हातावर ठेवले, की प्रकरण मिटले. ते तसे मिटत नाही. जखमी इसमाला मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते, आणि त्या अर्जात चालकाबरोबर गाडीमालकालाही सामनेवाला केले जाते.

भिवंडीत आमच्या टेम्पोचा आरसा एका सायकलस्वाराला लागला. तो लूमवर काम करणारा कारागीर. त्या दिवशी मनगट फक्त सुजलेले दिसत होते. काही महिन्यांनी समन्स आले, तेव्हा सोबत हाड मोडल्याचा दाखला आणि चार लाखांची मागणी होती. बाजारातील दोस्तमंडळी म्हणाली, सगळी बनवाबनवी आहे, कोर्टात जाऊच नका. असा सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. आपण गैरहजर राहिलो तर निकाल एकतर्फी लागतो, आणि रक्कम भरली नाही तर कलम 174 खाली ती कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. मग दुकानाच्या गाळ्यावरही जप्ती येऊ शकते.

खोटी बिले लावणारे असतात, हे आम्हीही नाकारत नाही. त्यासाठी वकिलाने उलटतपासणी घ्यावी. पण मनगट दुखावलेला कारागीर तुटलेला धागा कसा जोडणार? सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच सांगितले, की डॉक्टरने लिहिलेले अपंगत्वाचे टक्के पुरेसे नाहीत, त्या माणसाची कमाई किती बुडाली ते पाहावे. सुताराचा हात गेला आणि कारकुनाचा हात गेला, यांत फरक आहे. हा हुकूकुल इबादचा मामला आहे. चार लाखांचा आकडा पाहून राग आला, म्हणून त्याचा रास्त हक्क नाकारता येत नाही.

आम्हाला आधार झाला तो अपघाताच्या दिवशीच्या कागदांचा. चालकाने जखमीला दवाखान्यात नेले होते, पोलीस चौकीत खबर दिली होती आणि विमा कंपनीला आमचे पत्र गेले होते. कलम 134 प्रमाणे ही तिन्ही कामे चालकाची जबाबदारीच आहेत. पत्राची पोहोच जपून ठेवली होती, त्यामुळे आम्ही कळवलेच नाही असे कंपनीला म्हणता आले नाही. प्रकरण लोकअदालतीत एक लाख चाळीस हजारांवर तुटले आणि ती रक्कम कंपनीने भरली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून तो विषय कायमचा संपला.

विम्याबद्दल आपल्यात मनात शंका असणारे पुष्कळ आहेत. तो मसला उलमांना विचारावा. थर्ड पार्टी विमा मात्र कलम 146 प्रमाणे सक्तीचा आहे. तो नसेल तर सगळा बोजा मालकावर.

विमा असूनही कंपनी हात वर करते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, चालकाचा परवाना. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. परवानाच नसेल किंवा बनावट असेल आणि मालकाने त्याची चौकशीही केली नसेल, तर कंपनी जखमीला पैसे देते आणि मग आपल्याकडून वसूल करते. दुसरे, गाठींवर बसवलेली माणसे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोबत असेल तर 1994 च्या दुरुस्तीपासून त्याला विम्याचे संरक्षण आहे. वाटेत हात दाखवून चढलेल्याला ते नाही, असा निकाल 2002 साली झाला आहे.

ज्यांनी जुना टेम्पो विकला आहे, त्यांनी तर आजच कपाट उघडावे. पैसे घेतले, चावी दिली, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर नोंदीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तसेच ठरवले. फॉर्म 29 आणि 30 वर घेणाऱ्याची सही घेऊन ते स्वतः दाखल करावेत आणि नाव बदललेल्या आरसी बुकाची झेरॉक्स हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.