उलट्या चाकाला पाचर

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी आपली ऊर्जा एटीपी नावाच्या रसायनाच्या रूपात खर्च करते. स्नायू आकसणे असो की मज्जातंतूतून संदेश जाणे असो, सगळे व्यवहार याच चलनात होतात. एटीपीतील फॉस्फेटचा एक गट तुटला की ऊर्जा मोकळी होते आणि मागे एडीपी उरते. शरीरात एका वेळी एटीपी असते साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. पण दिवसभरात आपण जवळजवळ आपल्या वजनाइतके एटीपी वापरतो. साहजिकच एडीपीपासून पुन्हा एटीपी बनवण्याचे काम अहोरात्र चालू ठेवावे लागते.

हे काम मुख्यतः पेशीतील तंतुकणिकांमध्ये चालते. अन्न आणि ऑक्सिजन यांपासून मिळालेल्या ऊर्जेने प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, आतल्या पडद्यापलीकडे ढकलले जातात. बंधाऱ्यामागे पाणी तुंबावे तसे ते तिथे साठतात आणि परत आत येताना पाणचक्कीसारखे एक चाक फिरवतात. या प्रथिनाच्या चाकाला एटीपी सिंथेज म्हणतात. चाकाच्या डोक्यावर तीन खोबणी असतात आणि मधला आस फिरतो तसा प्रत्येक खोबणीचा आकार बदलतो. एका आकारात ती एडीपी व फॉस्फेट धरते, दुसऱ्यात त्यांचे एटीपी होते, तिसऱ्यात तयार माल सुटतो. ही कल्पना अमेरिकेतील पॉल बॉयर यांची. केंब्रिजच्या जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये गायीच्या हृदयातील या विकराची रचना उलगडली, तेव्हा तीन खोबणी खरोखरच तीन निरनिराळ्या अवस्थांत सापडल्या. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात दोघांचाही वाटा होता.

मात्र हे चाक उलटेही फिरते. १९९७ मध्येच जपानमध्ये योशिदा आणि किनोशिता यांच्या गटांनी एका जिवाणूतील या विकराचे डोके काचेवर चिकटवले, आसाला चमकणारा प्रथिनतंतू जोडला आणि त्याला एटीपी पुरवले. तंतू गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकातून दिसला. एटीपी मोडून चाक फिरत होते! पाणचक्कीचा जणू रहाट झाला.

प्रयोगशाळेतली ही करामत हृदयात घडली, तर मात्र जिवावर बेतते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बुजते आणि त्या भागातील स्नायूला ऑक्सिजन मिळेनासा होतो. प्रोटॉनचा साठा ओसरतो आणि चाक उलटे फिरून तो साठा भरू पाहते. पेशीला जगण्यासाठी लागणारे उरलेसुरले एटीपी त्यात जळू लागते. घरात धान्य संपत आले असताना पिठाच्या डब्यालाच भोक पडावे, तशी ही गत!

निसर्गाने यावर दोन लगाम ठेवले आहेत. पहिला खोबणीतच आहे. एटीपी मोडल्यावर उरलेले एडीपी कधी कधी मॅग्नेशियमसह खोबणीत रुतून बसते आणि चाक अडते. डोक्यावर आणखी तीन खोबणी आहेत. तिथे काहीच मोडत नाही. पण त्यांत एटीपी येऊन बसले, की रुतलेले एडीपी सुटायला मदत होते. प्रोटॉनचा जोर आला तरी ते सुटते. म्हणजे एटीपी भरपूर असले तर अडसर सैल होतो, आणि एटीपी घटून एडीपी वाढले, की उधळपट्टीला आपोआप आळा बसतो.

दुसरा लगाम म्हणजे आयएफ-वन हे चिमुकले प्रथिन. १९६३ मध्ये पुलमन आणि मोनरॉय यांनी ते शोधले. ऑक्सिजनविना पेशीत आम्लता वाढते, तेव्हा ते कामाला लागते. एरवी त्याच्या जोड्या एकमेकींना बिलगून असतात आणि त्यांचे कामाचे टोक झाकलेले राहते. आम्लता वाढली, की त्या सुट्या होतात आणि चाकात पाचर ठोकावी तशा दोन घटकांच्या फटीत शिरतात. थांबलेल्या चाकात ही पाचर सहजी शिरत नाही; एटीपी मोडत असताना खोबणी उघडमीट करतात, त्या संधीत ती आत जाते. २००३ मध्ये वॉकर यांच्याच गटाने ही अडकलेली अवस्था दाखवली. रक्तप्रवाह परत आला, आम्लता उतरली आणि प्रोटॉनचा जोर वाढला, की पाचर निघते व चाक पुन्हा सुलटे फिरू लागते.

केवळ उलटी फेरी थांबवणारी आणि सुलटी चालू ठेवणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. प्राण्यांच्या हृदयावर तसे प्रयोगही झाले आहेत. पण हे लगाम खर्च लांबवतात, आवक सुरू करत नाहीत. कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांत रक्तपुरवठा तोडल्यावर साधारण २० मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागल्याचे आढळले. म्हणून छातीत कळ आली, की ‘गॅस झाला असेल’ म्हणून वाट पाहू नये. पेशी आपल्या परीने काटकसर करून मिनिटे वाचवत असते. ती वाया घालवायची नाहीत, एवढे आपल्या हाती आहे.