विश्लेषण : शिक्षकांचे प्रशिक्षण हेही ‘कामाचे ठिकाण’, मग गैरवर्तनाची तक्रार नेमकी कुणाकडे?

मावळातल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण म्हणजे आधी प्रवास. टाकवे, वडेश्वर, खांडी अशा आंदर मावळातल्या गावांमधून निघालेली दुचाकी कान्हे फाट्यावर येते. तिथून एक वाट वडगावकडे, तालुक्याच्या ठिकाणी जाते. दुसरी कामशेत, लोणावळ्याकडे. त्या बाजूला निवासी शिबिरांसाठी रिसॉर्ट आणि प्रशिक्षण केंद्रांची कमतरता नाही. पुण्या-मुंबईच्या शाळाही आपल्या शिक्षकांना बसमध्ये बसवून इथेच आणतात. अनोळखी सभागृह, अनोळखी सहकारी, कधी रात्रीचा मुक्काम. अशा ठिकाणी कुणी नको ते बोलले, नको तसे वागले, तर दाद कुठे मागायची? स्वतःच्या शाळेत, प्रशिक्षण भरवणाऱ्या संस्थेत, की ज्यांचा हॉल आहे त्यांच्याकडे?

कायद्यात याचे उत्तर आहे. प्रशिक्षणाच्या आदेशात तारीख, स्थळ, वेळ, सोबत आणायचे साहित्य सगळे असते. ही एक ओळ मात्र सहसा नसते.

प्रशिक्षणात शिक्षक गप्प का बसतात?

कारण प्रशिक्षणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदा वेगळ्या. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी मिळवायची तर ठरवून दिलेले प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे पुढच्या पगाराची किल्लीच त्या हजेरीपत्रकात आणि त्या प्रमाणपत्रात असते. सही ज्याच्या हातात, त्याच्याशी वाकडे कोण घेणार?

गंमत अशी की शासनाने १५ मार्च २०२४ च्या निर्णयात शिक्षकांनी जीन्स-टीशर्ट घालू नये, शर्ट पँटमध्ये खोचावा, नावाआधी ‘टि’ लावावे इथपर्यंत सांगून ठेवले आहे. कपड्यांची इस्त्री ठरली. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये एकमेकांशी कसे वागायचे, याचा कागद अजून कुणी हातात देत नाही.

प्रशिक्षणाचा हॉल ‘कामाचे ठिकाण’ कसा?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, म्हणजे बोलीभाषेतला ‘पॉश’ कायदा, फक्त कार्यालयापुरता नाही. कामानिमित्त कर्मचारी जिथे जाते ती प्रत्येक जागा त्याच्या व्याख्येत येते. त्या प्रवासासाठी नियोक्त्याने दिलेले वाहनही येते. म्हणजे लोणावळ्याच्या रिसॉर्टमधला हॉल, तिथली जेवणाची रांग आणि शाळेने ठरवलेली बस, हे सगळे कामाचे ठिकाण. ‘ते शाळेबाहेर घडलं, आमचा संबंध नाही’ असे संस्थाचालकाला म्हणता येत नाही.

छळ म्हणजे केवळ स्पर्श नव्हे. लैंगिक अर्थाचे शेरे, सूचक विनोद, नको असताना केलेली जवळीक हेही त्यात येते. अशा वागण्याला जोडून कामात फायद्याचे आमिष किंवा नुकसानीची धमकी असेल, तीही कायद्याने धरली आहे. ‘प्रमाणपत्राचं बघून घेतो’ हे वाक्य अशा वेळी साधे राहत नाही.

तक्रार कुणाकडे?

खरा गोंधळ इथे आहे. समजा, नाणे मावळातल्या द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षिका कान्हे परिसरातल्या प्रशिक्षणाला आली. मार्गदर्शक दुसऱ्या संस्थेचा, हॉल तिसऱ्याच संस्थेचा. तिघांचे नियोक्ते वेगळे. आतापर्यंत अशा वेळी ‘तो आमचा कर्मचारी नाही’ हे उत्तर हमखास मिळायचे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये ही पळवाट बंद केली. केंद्र सरकारच्या दोन वेगवेगळ्या विभागांतील अधिकाऱ्यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की आरोप असलेली व्यक्ती दुसऱ्या कार्यालयातली असली तरी तक्रारदार महिलेच्या स्वतःच्या कार्यालयातील अंतर्गत समिती चौकशी करू शकते. पुढची शिस्तभंगाची कारवाई आरोपीच्या नियोक्त्याने करायची. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता, पण आपल्या उदाहरणातल्या शिक्षिकेला हाच निकाल उपयोगी पडतो.

आता तिची स्वतःची समिती कुठली? १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. द्विशिक्षकी शाळेत अर्थातच अशी समिती नसते. मग वरच्या प्रशासकीय कार्यालयातील समिती. जिथे कर्मचारी दहापेक्षा कमी म्हणून समिती नाही, किंवा तक्रार थेट नियोक्त्याविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती.

तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. एक तरतूद शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी : चौकशी सुरू असताना आरोपीला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून, तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखता येते. शैक्षणिक संस्थेत तिच्या शैक्षणिक कामावर देखरेख करण्यापासूनही. त्यासाठी तिने लेखी विनंती करायची असते. प्रमाणपत्राची भीती वाटते तिथे ही मागणी तक्रारीसोबतच करावी. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरवून कारवाई करता येत नाही, हेही कायद्यातच लिहिले आहे.

समित्या कागदावरच राहतात, ही तक्रार जुनी आहे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या खटल्यात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीच्या अवस्थेवर कठोर शब्दांत खंत व्यक्त केली. त्या खटल्यात न्यायालयाने बडतर्फीही रद्द केली, कारण समितीने घाईघाईत चौकशी उरकली होती आणि प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. चौकशी पुन्हा करायला सांगितली. घाईत केलेल्या चौकशीचा फटका तक्रार करणाऱ्यांनाही बसतो, तो असा.

लैंगिक नसलेल्या अपमानाचे काय?

प्रशिक्षणात जास्त घडते ते हेच. पन्नाशीच्या गुरुजींना अ‍ॅप उघडता येत नाही म्हणून सगळ्यांसमोर उभे करणे, ग्रामीण उच्चारांची नक्कल, ‘तुमच्या शाळेत पटच किती!’ असली टोमणेबाजी. उलट बाजूही आहे. सुलभक म्हणून उभी राहणारी व्यक्ती बहुतेकदा शिक्षकच असते, कधी समोर बसलेल्यांपेक्षा वयाने लहान. ती तरुण शिक्षिका असेल तर मागच्या रांगेतून शेरे सुरू होतात. पॉश कायद्याचे संरक्षण प्रशिक्षणार्थी बाईंइतकेच तिलाही आहे.

पुरुष शिक्षकांना या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. त्यांच्यासाठी आणि इतर अपमानांसाठी सेवा-वर्तणुकीचे नियम आहेत : जिल्हा परिषदेसाठी १९६७ चे, खासगी शाळांसाठी १९८१ ची नियमावली. जातीवरून सर्वांसमक्ष अपमान झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार गुन्हा आहे.

इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक दोघांकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून घेतात. अठरा वर्षांच्या मुलांकडून जे लिहून घेतले जाते, ते मार्गदर्शक आणि प्रशिक्षणार्थींकडून पहिल्या तासाला घेणे अवघड नाही. हजेरीपत्रकाच्या वर समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन नंबर छापायला तर खर्चही नाही. विनापरवानगी फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत, रात्री वैयक्तिक मेसेज करू नयेत, ही दोन वाक्ये त्यातच घालता येतील.

मोबाइलवरून तक्रार करता येते का?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवर सरकारी आणि खासगी दोन्ही ठिकाणच्या महिला तक्रार नोंदवू शकतात. पाठलाग, सतत नकोसे मेसेज किंवा थेट लैंगिक छळ असेल तर भारतीय न्याय संहितेखाली पोलिसांकडेही जाता येते. त्यासाठी समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. तातडीच्या वेळी ११२, महिला हेल्पलाइन १८१. आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीपर्यंत पोहोचण्यासाठी मावळातून पुण्याला जाण्याची गरज नाही. कायद्यानुसार प्रत्येक तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते.