'मंगल' शब्द कोणाचा?

घरात लग्न निघाले की आपल्याकडे पहिले भांडण देण्याघेण्यावरून होते आणि दुसरे पत्रिकेवरून. आमच्याकडे देण्याघेण्याचे झाले नाही, दोन्हीकडची माणसे शहाणी निघाली. पत्रिकेवरून मात्र दोन रात्री दिवा उशिरापर्यंत जळला.

मसुद्यात 'मंगल परिणय' असे लिहिले होते. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा शब्द काढा. मंगळागौर, मंगलकलश, मंगलाष्टका, सगळे भटजीच्या पंचांगातले. बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच बाहेर काढले ना?"

आत्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "ठेवा नाही तर काढा. मला काही त्या शब्दाचा लळा नाही. वीस वर्षं मंगल कार्यालयात भांडी घासली. पुढच्या दारानं आत कधी गेले नाही."

यावर कोणालाच काही बोलता येईना. शेवटी धाकटा पुतण्या म्हणाला, "मग विहारात आपण महामंगलसुत्त म्हणतो, ते कोणाचं?"

घरात वाचणारे म्हणून निवाडा आमच्या गळ्यात पडला. तेव्हा रविवार पाहून आम्ही आत्याला आणि पुतण्याला घेऊन विरारच्या गाडीत बसलो आणि नालासोपाऱ्याला उतरलो. लग्नाच्या धांदलीत कसली सहल, असे काकांनी विचारलेच. पण या शब्दाचा एक जुना दाखला तिथल्याच दगडावर कोरलेला होता.

सोपारे म्हणजे जुने शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. इथल्या स्तूपाचे उत्खनन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. नागपूरला आपली धम्मदीक्षा झाली तेच हे साल. सोपाऱ्याला तुकडेच मिळाले. पण हेच लेख गिरनार वगैरे ठिकाणी पूर्ण असल्यामुळे त्यात काय लिहिले आहे ते पक्के ठाऊक आहे.

नववा लेख आहे 'मंगल' या शब्दावरच. स्तूपाच्या सावलीत बसून आम्ही आत्याला तो साध्या मराठीत सांगितला. लोक आजारपणात मंगल करतात, लग्नकार्यात करतात, मुलगा झाला की करतात, प्रवासाला निघताना करतात. अशा मंगलांचे फळ थोडे. बायका तर फारच क्षुल्लक आणि निरर्थक मंगले करतात, असेही राजा म्हणतो. इथे आत्याने मध्येच विचारले, "आणि पैसे कोण देतं म्हणावं?" राजाच्या लेखात याचे उत्तर नाही. आम्हालाही ते वाक्य टोचते, ते लपवून कशाला ठेवायचे?

पण त्यापुढे राजा सांगतो की खूप फळ देणारे एक मंगल आहे, ते धम्ममंगल. त्यात काय काय येते? पहिलेच नाव दास आणि भतक यांचे. भतक म्हणजे मजुरीवर राबणारा माणूस. त्यांच्याशी नीट वागणे हे मंगल. मग गुरुजनांचा मान, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भांडी घासणारीशी नीट वागणं, हेच मंगल? असं दगडावर लिहिलंय?" आम्ही हो म्हणालो. "परत सांग," ती म्हणाली. आम्ही परत सांगितले.

अशोकाच्या आधी हाच शब्द तथागतांनी हाती घेतला होता. खरे मंगल कोणते, या प्रश्नाला महामंगलसुत्तात जे उत्तर आहे त्यात मुहूर्त नाही, नारळ नाही. आईवडिलांची सेवा आहे, बायकोमुलांचा सांभाळ आहे, बहुश्रुतपणा आहे, हातातले कसब आहे. म्हणजे शब्द जुनाच राहिला, त्याच्या पोटातला ऐवज बदलला. आपण पाठ म्हणतो, पण किती जण हे ध्यानात घेतात?

सोपाऱ्याचा आठवा लेखही असाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तिथे शिकार आणि मौजमजा चाले. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि त्यानंतर धम्मयात्रा सुरू झाली. वृद्धांना भेटायचे, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटायचे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे. यात्रा तीच, हेतू दुसरा. आणि 'विहार' शब्दाची गंमत पाहा. इथे तो मौजेच्या अर्थाने आला आहे. जलविहार, वनविहार असे आपण अजून म्हणतो. भिक्खूंच्या निवासालाही विहार म्हणू लागले आणि त्यावरून आख्ख्या बिहार प्रांताला नाव पडले. आमच्या वस्तीत विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. संध्याकाळी तिथे दहावीची मुले अभ्यासाला बसतात.

मात्र शब्द नेहमी वरच चढतात असे नाही. त्यांना खाली ढकलणारेही असतात. भांडणात आपण सर्रास 'पाखंडी' म्हणतो, म्हणजे ढोंगी. अशोकाच्या बाराव्या लेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ. राजा सर्व पासंडांचा सन्मान करतो आणि लोकांना सांगतो की आपल्या पंथाची बढाई मारू नका, दुसऱ्याची विनाकारण निंदा करू नका. मग मनुस्मृती काढून पाहा. पाषंडी माणसाचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये, राजाने त्याला जुगाऱ्यांबरोबर नगराबाहेर घालवावे, असे तिथे आहे. वेद न मानणाऱ्यांचे पंथ या शब्दाखाली ढकलले गेले, त्यात आपला धम्मही आला. एका शब्दाची बेअब्रू झाली की तो धारण करणाऱ्या माणसांची आपोआप होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याने शब्दांचे काय केले हेही मुलांना दाखवायला हवे.

खुद्द अशोकाची पदवी होती 'देवानांप्रिय', देवांचा लाडका. सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा दिलेला आहे! हे बौद्धद्वेषातून झाले की निव्वळ थट्टेतून, यावर विद्वानांत वाद आहे. आम्ही त्यात पडत नाही. पण राजाची पदवी शिवी होऊन बसली, हे तर खरेच.

शब्दांच्या अशा चढउताराचा रीतसर अभ्यास होतो, त्याला संकल्पनांचा इतिहास म्हणतात. जर्मनीत राइनहार्ट कोसेलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे खपून राज्य, क्रांती, लोकशाही अशा शंभराहून अधिक शब्दांचा मोठा कोश केला. शब्दाचा अर्थ हा समाजातल्या झगड्याचा भाग असतो, असे हे अभ्यासक सांगतात. आपल्याला ते जर्मनीहून कळायची गरज नव्हती. 'हरिजन' हे नाव कोणी दिले आणि आपण ते का नाकारले, 'दलित' शब्द १९७२ च्या पँथरच्या पोरांनी ताठ मानेने कसा उच्चारला, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतला फरक वेगळा करून मांडला. तो पाली शब्द त्यांनी जाणूनबुजून राखला.

परत आलो तेव्हा काका वाटच पाहत होते. आम्ही काही बोलण्याआधी आत्याच म्हणाली, "शब्द राहू द्या. तो आपलाच आहे, मधल्या काळात दुसऱ्यांच्या घरी होता." काकांनी सगळे ऐकून घेतले. एवढेच म्हणाले, "मग जेवण वाढणाऱ्या पोरांची मजुरी पंगतीआधी द्यायची. ते पण लिहून ठेवा." ते आम्ही लिहून ठेवले, पत्रिकेत नव्हे, खर्चाच्या वहीत.

छापखान्यातून नमुना आला. वर तथागत आणि बाबासाहेब, खाली 'मंगल परिणय', सगळे बरोबर. फक्त जुळाऱ्याने सवयीने 'शुभमुहूर्त' हा शब्द टाकला होता. पुतण्याने लाल पेनाने तो खोडला आणि वर लिहिले, 'वेळ : सकाळी ११'.