खंबीरपणाची झीज

सप्टेंबर २०१७. कृष्णवर्णीय अमेरिकी टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं सिझेरियन होऊन एक दिवस झाला होता. अचानक तिला धाप लागली. फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याच्या दुखण्यातून ती पूर्वी एकदा वाचली होती, त्यामुळे काय होतंय ते तिनं ओळखलं. आई घाबरू नये म्हणून ती खोलीबाहेर आली आणि धापा टाकतच तिनं नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त गोठू न देणारं हेपरिन लावा. वेदनाशामकांमुळे हिला भ्रम झाला असावा, असं नर्सला वाटलं. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली. शेवटी सीटी स्कॅन झाला तेव्हा फुफ्फुसांत बारीक गुठळ्या दिसल्या.

जीव घुसमटत असतानाही तिला आधी आईचा घोर लागला, हे मला विसरता येत नाही. अमेरिकेत ‘स्ट्राँग ब्लॅक वुमन’ असा शब्दप्रयोगच रूढ आहे. कधीही न कोसळणारी, सगळ्यांना सावरणारी काळी बाई. ऐकायला हे कौतुक वाटतं, पण त्याची मुळं गुलामीत आहेत. अलाबामातल्या माँटगोमेरी इथे १८४५ ते १८४९ या काळात डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही त्यांतली तीनच नावं आज माहीत आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता.

गुलामी १८६५मध्ये कायद्यानं संपली. ती संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं. पण ‘यांना दुखत नाही’ हा समज मात्र मेला नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१६च्या पाहणीत सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी अशा चुकीच्या समजुतींपैकी एक तरी खरी मानली. काळ्या माणसांची कातडी जाड असते, ही त्यातलीच एक. २०२१मध्ये अमेरिकेत दर १ लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांचं प्रमाण २६.६ होतं.

मनाचं काय होतं? नर्सिंगच्या प्राध्यापक शेरिल वूड्स-जिस्कोम्बे यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना गटागटानं बसवून बोलतं केलं आणि २०१०मध्ये निष्कर्ष मांडले. बळ दाखवणं हे आपलं कर्तव्यच आहे, असं त्या स्त्रिया मानत होत्या. रडू गिळायचं, कुणाचा आधार घ्यायचा नाही, हाताशी काही नसलं तरी पुढे जायचं आणि दुसऱ्यांसाठी धावायचं. यातून घर तगतं, लेकरं शिकतात, हे त्यांनीही सांगितलं. पण त्याच बायकांनी उडालेली झोप, ताणाच्या भरात होणारं खाणं आणि स्वतःच्या तब्येतीची हेळसांड यांबद्दलही सांगितलं.

खरा अचंबा पुढेच आहे: हे सगळं शरीर नोंदवून ठेवतं. मिशिगन विद्यापीठाच्या आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२मध्ये या प्रक्रियेला ‘वेदरिंग’ म्हटलं. ऊनपावसानं खडक झिजतो, तशी वंशभेदाच्या आणि सततच्या झुंजीच्या ताणानं पेशीन् पेशी झिजते. गुणसूत्रांच्या टोकांवरची टेलोमिअर नावाची टोपणं वयाबरोबर आखूड होत जातात. ती मोजून जेरोनिमस आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये अंदाज बांधला की, ४९ ते ५५ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं शरीर त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा साधारण साडेसात वर्षांनी अधिक म्हातारं आहे. पैशानंही ही झीज थांबत नाही. आपण ‘चंदनासारखी झिजली’ असं अभिमानानं म्हणतो; इथे झिजणं प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा एप्रिल २०१८मध्ये हटवला गेला. २०२१मध्ये माँटगोमेरीत अनार्का, बेट्सी आणि लुसी यांची धातूची उंच शिल्पं उभी राहिली.